किनाऱ्यावरचे उजळ आकाश आणि अरुंद पट्ट्याचा तेजोमेघ-फिल्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावायचा एक अरुंद पट्ट्याचा फिल्टर गेले आठ महिने मी समुद्रकाठच्या एका गावातून वापरत आहे. आकाशनिरीक्षकांमध्ये हा प्रकार 'यूएचसी' (अल्ट्रा हाय कॉन्ट्रास्ट) या नावाने ओळखला जातो आणि बरेच उत्पादक तो थोड्याफार फरकाने बनवतात, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते एका विशिष्ट छापापेक्षा या प्रकाराला अधिक लागू पडेल. माझ्या फिल्टरच्या डबीवर 'प्रकाशप्रदूषण दूर करणारा' असे शब्द छापलेले आहेत. ते शब्द खरे मानून कोणी हा फिल्टर घेतला, तर पहिल्याच रात्री त्याची निराशा होईल. मला मात्र तो घेतल्याचा पश्चात्ताप झालेला नाही, कारण आकाशातल्या एका ठरावीक प्रकारच्या वस्तूंसाठी, म्हणजे तेजोमेघांसाठी (अवकाशातल्या प्रकाशणाऱ्या वायूच्या ढगांसाठी), त्याने जे काम केले ते माझ्याजवळच्या दुसऱ्या कोणत्याही साधनाने केले नव्हते.

आधी साधने आणि जागा सांगतो, कारण त्यांच्याशिवाय फिल्टरविषयीच्या मताला अर्थ राहत नाही. दुर्बीण १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, न्यूटनच्या रचनेची परावर्ती दुर्बीण आहे. तिचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. नेत्रिका तीन वापरल्या : ३२, २५ आणि १० मिलिमीटरच्या. निरीक्षण दोन ठिकाणांहून केले. एक म्हणजे वस्तीच्या मधोमध असलेली गच्ची आणि दुसरी म्हणजे वस्ती संपल्यावर, शेवटच्या रस्त्याच्या दिव्यापासून दूर असलेली पुळण. जॉन बॉर्टल यांनी २००१ साली आकाशाच्या काळोखाची जी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तिच्यावर गच्चीवरचे आकाश सहाव्या-सातव्या पायरीवर आणि पुळणीवरचे पाचव्या पायरीवर बसते. पहिल्या पायरीवरचे आकाश सर्वांत काळे, नवव्या पायरीवरचे महानगराच्या मध्यभागाचे. बहुतेक निरीक्षणे अमावास्येच्या आसपासच्या रात्रींची आहेत, कारण चंद्र आकाशात असताना अशी तुलना करणे व्यर्थ असते.

समुद्रकाठच्या आकाशाविषयी एक गोड गैरसमज असतो. समोर पाणीच पाणी आहे, पाण्यावर दिवे नाहीत, म्हणजे निम्मे आकाश तरी काळे मिळणारच, असे नव्याने येणाऱ्याला वाटते, आणि मलाही सुरुवातीला तसेच वाटत होते. क्षितिजाच्या बाबतीत ते काही अंशी खरेही आहे. पण किनाऱ्यावरच्या हवेत लाटांच्या फेसातून उडालेले मिठाचे सूक्ष्म कण तरंगत असतात, आणि मीठ हे पाणी ओढून घेणारे द्रव्य आहे. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कोरडा कण हवेतली वाफ शोषून विरघळतो आणि त्याचा फुगलेला थेंब होतो. असे असंख्य थेंब गावातून वर गेलेला प्रकाश पकडतात आणि चहूकडे पसरवतात. तेवढेच दिवे असलेल्या, पण कोरड्या हवेच्या गावात आकाशाचा जो घुमट काळसर राहतो, तो इथे दुधट होतो. त्यातच किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवरचे दिवे पाण्याकडे तोंड करून लावलेले असतात, ओली वाळू त्यांचा उजेड परत वर फेकते, आणि रात्री मासेमारी करणाऱ्या होड्या मासे आकर्षित करण्यासाठी जे प्रखर दिवे लावतात, त्यांनी क्षितिजावरचे धुके आतून उजळते. समुद्राच्या बाजूचे आकाश सर्वांत काळे असलेल्या रात्री मला आठ महिन्यांत मोजक्याच मिळाल्या.

यात एक दिलासा आहे आणि तो वाऱ्याचा आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे रात्री मंदावतात आणि जमीन पाण्यापेक्षा लवकर निवल्यामुळे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. हे वारे तुलनेने कोरडे असतात. मध्यरात्रीनंतर ते स्थिरावले आणि तोवर दुकानांच्या पाट्यांचे दिवेही मालवले गेले, की त्याच गच्चीवरून तेच आकाश निराळे दिसते. माझ्या नोंदींमध्ये एकाच रात्रीच्या साडेनऊच्या आणि दोनच्या आकाशात जवळजवळ एका प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) फरक अनेकदा आढळला. साडेनऊला जेमतेम चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत होते आणि दोनला पाचव्या प्रतीजवळचे. फिल्टरचा गुण म्हणून जे सांगायचे ते या फरकापासून वेगळे काढूनच सांगितले पाहिजे, म्हणून मी प्रत्येक वस्तू त्याच क्षणी फिल्टरसह आणि फिल्टरविना पाहिली. फिल्टर नेत्रिकेला न जोडता बोटांत धरून डोळा आणि नेत्रिका यांच्यामध्ये आडवा सरकवायचा, काढायचा आणि पुन्हा सरकवायचा, ही यासाठीची सर्वांत सोपी पद्धत आहे.

हा फिल्टर काय करतो हे समजण्यासाठी १८६४ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाचा (नाव असे असले तरी त्याचा ग्रहांशी संबंध नाही) प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यांप्रमाणे सलग सप्तरंगी पट्टा दिसण्याऐवजी त्यांना मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यावरून हा तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचा दाट समूह नसून विरळ, प्रकाशणारा वायू आहे, हे स्पष्ट झाले. त्यांतल्या हिरवट रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हत्या, म्हणून 'नेब्युलियम' नावाचे एक नवेच मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनच्या आहेत आणि अतिशय विरळ वायूतच त्या अशा ठळकपणे उमटू शकतात. त्यांच्या तरंगलांबी ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटर आहेत, जवळच ४८६.१ नॅनोमीटरला हायड्रोजनची एक रेषा आहे. म्हणजे दृश्य प्रकाशात अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेजोमेघाकडून जे काही मिळते, ते बहुतांशी या पंधरा नॅनोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीतच मिळते. आपली रात्रीची दृष्टी सुमारे ५०७ नॅनोमीटरला सर्वाधिक संवेदनशील असते, हा निसर्गाने आपल्याला दिलेला आणखी एक लाभ.

यूएचसी फिल्टर काचेवर चढवलेल्या अतिसूक्ष्म थरांच्या साहाय्याने ही पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग, असा साधारण २५ नॅनोमीटर रुंदीचा झरोका उघडा ठेवतो आणि आजूबाजूचा बराचसा प्रकाश मागे परतवतो. त्यामुळे तेजोमेघ अधिक तेजस्वी होत नाही, किंबहुना किंचित मंदच होतो. मात्र त्याच्यामागचे आकाश कितीतरी अधिक मंद होते आणि त्या विरोधामुळे तेजोमेघ उठून दिसतो. हा फरक विक्रीच्या मजकुरात क्वचितच सांगितला जातो. माझ्या मते तो डबीवर पहिल्या ओळीत असायला हवा.

आता प्रत्यक्ष अनुभव. मृगातला तेजोमेघ हा सर्वांत सोपा नमुना आहे, कारण तो फिल्टरविनाही दिसतो. गच्चीवरून २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून मधल्या चार ताऱ्यांभोवती एक राखाडी धूसरपणा आणि एका बाजूला त्याची थोडी पसरण, इतकेच मला दिसत असे. फिल्टर सरकवल्याबरोबर दोन्ही बाजूंचे पंख बाहेरच्या दिशेने लांबले आणि मधल्या काळ्या खाचेची कड स्पष्ट झाली. पुळणीवरून हा फरक आणखी वाढला. तरीही सर्वाधिक आनंद मला धनु राशीच्या परिसराने दिला. तिथला एम १७ ('एम' म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक) हा तेजोमेघ, ज्याला हंसाच्या आकारावरून ओळखतात, गच्चीवरून फिल्टरविना एक अस्पष्ट आडवी रेघ होता. फिल्टर लावल्यावर त्या रेघेला मान फुटली. त्याच भागातल्या एम ८ मध्ये तारकागुच्छाभोवतीचा वायू आणि त्याला छेदणारी काळी पट्टी, दोन्ही दिसले. जंबुकातला एम २७ फिल्टरविना वाटोळा ठिपका होता, तो मधे आवळलेल्या आकाराचा झाला. स्वरमंडळातल्या कंकणाकृती तेजोमेघाला मात्र फारसा लाभ झाला नाही. तो लहान आणि पृष्ठतेजाने मुळातच उजळ आहे, त्याला वर्धन (प्रतिमा किती पट मोठी दिसते ते) वाढवणे अधिक मानवते.

हंस तारकासमूहातली जाळीसारखी पसरलेली तेजोमेघाची कमान, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष, ही माझी खरी परीक्षा होती. गच्चीवरून ती फिल्टरसहही दिसली नाही; चार वेगवेगळ्या रात्री प्रयत्न केला. पुळणीवरून, रात्री दोननंतर, ३२ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून आणि डोक्यावर काळे कापड घेऊन बसल्यावर तिची पूर्वेकडची कमान एका फिकट, वाकलेल्या धाग्यासारखी दिसली. फिल्टर काढला की ती नाहीशी होई, लावला की परत येई. वीस मिनिटे मी हेच करत बसलो होतो. ज्या आकाशात ही कमान आपल्याला कधी दिसणारच नाही असे मी धरून चालत होतो, त्या आकाशात ती दिसल्यामुळे या वस्तूविषयी मला कृतज्ञता वाटते, आणि ती मी लपवू इच्छित नाही.

या यादीच्या बाहेर मात्र फिल्टर निरुपयोगी आहे आणि हे तितक्याच स्पष्टपणे नोंदवायला हवे. देवयानी दीर्घिका फिल्टरमधून अधिक वाईट दिसते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश, तो वर्णपटात सलग पसरलेला असतो. त्यातले २५ नॅनोमीटर ठेवून बाकीचे कापले तर आकाशाबरोबर दीर्घिकाही कापली जाते. शौरीतला गोलाकार तारकागुच्छ एम १३ फिल्टरमधून आपले सुटे तारे गमावून बसला. कृत्तिकांभोवतीची धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे तिलाही काही उपयोग नाही. जोडतारे, ग्रह आणि चंद्र यांचा तर प्रश्नच उद्भवत नाही. लहान दुर्बिणीने आकाश पाहणाऱ्या माणसाच्या आवडत्या वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक या गटात मोडतात, आणि त्यांच्यासाठी काळोख्या जागी जाण्याला पर्याय नाही.

याच उत्पादनाच्या शेजारी विकला जाणारा रुंद पट्ट्याचा फिल्टर माझ्याकडे आधीपासून होता, म्हणून दोहोंची तुलना करता आली. हा रुंद प्रकार त्या काळासाठी होता, जेव्हा रस्त्यांवर पाऱ्याच्या आणि सोडियमच्या वाफेचे दिवे असत. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा जवळपास सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो आणि पाऱ्याच्या दिव्याच्या ठळक रेषा ४३५.८ व ५४६.१ नॅनोमीटरला असतात. या ठरावीक जागा कापल्या की काम बऱ्यापैकी होई. पांढऱ्या एलईडी दिव्याला अशा ठरावीक जागाच नसतात. त्याच्या वर्णपटात सुमारे ४५० नॅनोमीटरला निळे शिखर असते आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला रुंद उंचवटा असतो. रुंद फिल्टर त्यातले काय कापणार? किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरचे पिवळे दिवे बदलून पांढरे आले, तेव्हापासून तो फिल्टर माझ्या पेटीत पडून आहे. अरुंद फिल्टर अजून तग धरून आहे, कारण निळे शिखर आणि पिवळसर उंचवटा यांच्यामध्ये साधारण ४८० नॅनोमीटरजवळ एक दरी असते आणि आपला झरोका त्या दरीच्या काठापासून सुरू होतो. पण ५०० नॅनोमीटरकडे जाताना एलईडीचा प्रकाश पुन्हा चढू लागतो, आणि तेवढा तरी आकाशाचा उजेड फिल्टरमधून आत येतोच.

हा उजेड किती वेगाने वाढतो आहे, याविषयी जानेवारी २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरातल्या सामान्य नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींवरून, रात्रीचे आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे त्यात दिसून आले. हा दर कायम राहिला तर आकाश आठ वर्षांच्या आत दुप्पट उजळ होते. उपग्रहांवरून दिसणारी वाढ याहून बरीच कमी होती, आणि त्याची जी कारणे दिली गेली त्यांतली दोन किनाऱ्यावरच्या माणसाला विशेष जवळची आहेत : उपग्रहांवरच्या संवेदकांना एलईडीचा निळा प्रकाश नीट दिसत नाही, आणि आडवा फेकला जाणारा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. समुद्राकडे तोंड करून लावलेला पांढरा दिवा या दोन्ही वर्णनांत चपखल बसतो.

वापरातल्या काही अडचणी सांगतो. फिल्टरचा डोळ्याकडचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो. आजूबाजूला एखादा दिवा असेल तर त्याचे आणि कधी कधी स्वतःच्या बुबुळाचेही प्रतिबिंब त्यात दिसते आणि मिळालेला सगळा लाभ वाया जातो. फिल्टर हातात धरून पाहताना हे अधिक जाणवते. नेत्रिकेत बसवल्यावर कमी होते, पण काळे कापड डोक्यावर घेतल्याशिवाय पूर्णपणे जात नाही. नेत्रिकेची निवडही महत्त्वाची आहे. दुर्बिणीच्या आरशाच्या व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. माझ्या ३२ मिलिमीटरच्या नेत्रिकेत ती ४ मिलिमीटर आहे आणि २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेत सुमारे ३. या दोन्हींत फिल्टर उत्तम चालला. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेत ती जेमतेम सव्वा मिलिमीटर उरते, आणि तिथे चित्र इतके अंधारे झाले की रस्त्याचा दिवा आणि तेजोमेघ दोन्ही एकदमच गेले.

खाऱ्या हवेने मात्र मला सर्वाधिक सतावले. पुळणीवर दोन तास काढल्यावर काचेवर बोटाला न जाणवणारा, पण दिव्यासमोर धरल्यावर दिसणारा एक धूसर पापुद्रा बसतो. तो कोरड्या कापडाने पुसणे म्हणजे मिठाच्या स्फटिकांनी काच घासणे होय. आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवावी, मग ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलावलेल्या मऊ कापडाने मीठ विरघळवून टिपून घ्यावे, आणि हे शक्य तितके क्वचित करावे. दव पडू लागल्यावर फिल्टर उघडा ठेवू नये. तो खिशात, अंगाच्या उबेत ठेवला तर लगेच धुरकटत नाही. दमट हवेत काचेवर बुरशी धरते, म्हणून परतल्यावर तो डबीत लगेच बंद न करता आधी वाळू द्यावा आणि मग सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. माझ्या फिल्टरच्या कड्याचे आटे सहाव्या महिन्यात खरखरू लागले आणि एकदा तो नेत्रिकेत असा अडकला की रबरी हातमोजे घालून सोडवावा लागला. काचेवरच्या थरांवर मात्र आठ महिन्यांत एकही डाग किंवा सोललेली कड दिसली नाही, ही उत्पादनाची मोठी जमेची बाजू आहे.

फिल्टरच्या परीक्षणात एका पत्र्याच्या टोपीचा उल्लेख अप्रस्तुत वाटेल, पण माझ्या नोंदवहीतली सर्वांत मोठी सुधारणा तिच्या नावावर आहे. पुळणीकडे जाणाऱ्या वाटेवरचा शेवटचा दिवा पूर्वी वाळूवर माझी सावली पाडत असे. तिथल्या रहिवाशांच्या विनंतीवरून त्याला वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकणारी टोपी बसवली गेली. वाट पूर्वीइतकीच उजळ राहिली, सावली गेली. डोळ्यांना काळोखाची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि एखाद्या प्रखर दिव्याकडे क्षणभर दृष्टी गेली तरी ती मोडते. टोपीनंतर मला ही सवय प्रथमच अखंड टिकवता आली. कमानीचा तो धागा मला दिसला तो याच टोपीनंतरच्या रात्री. कासवांची अंडी ज्या पुळणींवर असतात तिथे तर अशा टोपीचे मोल आणखी वाढते, कारण अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले अधिक उजळ क्षितिजाकडे धावतात आणि जमिनीवरचा दिवा त्यांना समुद्रापासून दूर नेतो. टोपीमुळे दीर्घिकाही सुधारल्या आणि तारकागुच्छही, जे कोणत्याही फिल्टरला जमलेले नाही.

तेव्हा हा फिल्टर कोणी घ्यावा? ज्याच्याजवळ किमान १०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण आणि कमी वर्धनाची एक चांगली नेत्रिका आहे, जो पाचव्या ते सातव्या पायरीच्या आकाशाखाली राहतो, आणि ज्याने आपल्या आकाशातले उजळ तेजोमेघ आधी फिल्टरविना शोधून ठेवले आहेत, त्याने जरूर घ्यावा. दुर्बीण अजून आलेली नाही आणि आकाशाची ओळख व्हायची आहे, अशा व्यक्तीने त्याऐवजी १०×५० ची द्विनेत्री घ्यावी. केवळ छायाचित्रणासाठी घेणार असाल तर थांबा. दृश्य वापरासाठीचा हा फिल्टर ताऱ्यांना हिरवट-निळी छटा देतो आणि कॅमेऱ्यासाठी वेगळे फिल्टर बनवले जातात. मापाची निवड करताना, पुढेमागे दोन इंची नेत्रिका घेण्याचा विचार असेल तर आताच दोन इंची फिल्टर घेणे शहाणपणाचे ठरेल, कारण सव्वा इंची फिल्टर मोठ्या नेत्रिकेला बसत नाही, मात्र दोन इंची फिल्टर जोडकड्याच्या (मोठ्या तोंडात लहान नेत्रिका बसवणाऱ्या कड्याच्या) पुढच्या तोंडाला लावून दोन्ही मापांच्या नेत्रिकांबरोबर वापरता येतो. मी सव्वा इंची घेतला आणि आता ३२ मिलिमीटरपेक्षा रुंद दृष्टिक्षेत्राची नेत्रिका घ्यायची म्हटले, तर हाच फिल्टर पुन्हा एकदा घ्यावा लागणार आहे.